लूपर आणि पायाचे बटण: ठाण्यातल्या वादकाने निवड कशी करावी

लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा (लूप) ध्वनिमुद्रित करून आवर्तनासारखा पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र, विकत घेताना बहुतेक जण दोन आकडे पाहतात: किती मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावते आणि किती ट्रॅक मिळतात. प्रत्यक्ष वादनात मात्र वादकाचा आणि यंत्राचा संबंध येतो तो पायाखालच्या बटणाशी. पाय पडताक्षणी यंत्र काम सुरू करते की पाय उचलल्यावर, आवर्तन थांबवण्यासाठी वेगळे बटण आहे की त्याच बटणावर लागोपाठ दोनदा पाय मारावा लागतो, बाहेरून दुसरे फूटस्विच किंवा मिडी कंट्रोलर (मिडी या डिजिटल संकेतांनी यंत्रांना आज्ञा देणारी बटणपेटी) जोडता येतो का, आणि जोडला तर यंत्र त्याच्याकडून कोणकोणत्या आज्ञा स्वीकारते, या प्रश्नांची उत्तरे खोक्यावर छापलेली नसतात. लूपर वर्षानुवर्षे सोबत राहणार की लवकरच विकायला निघणार, हे माझ्या मते याच उत्तरांवर ठरते.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत लूपर घेणारे सगळे एकाच प्रकारचे वादक नसतात. घोडबंदर रस्त्यावरच्या कॅफेत उभ्याने गिटार वाजवत गाणारा तरुण, नौपाड्यातल्या घरगुती बैठकीत मांडी घालून हार्मोनियमवर भावगीत गाणारी गायिका आणि वाशीतल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात तबल्याच्या साथीने बासरी वाजवणारा वादक, या तिघांचे पाय तीन वेगळ्या जागी असतात आणि तिघांना वेगळे यंत्र लागते. म्हणून पुढची तुलना किंमत किंवा ध्वनीचा दर्जा यांवरून न करता पायाच्या आज्ञेला मिळणाऱ्या प्रतिसादावरूनच केली आहे.

समेवर पडणारा पाय

लूपची लांबी दोन दाबांनी ठरते. पहिल्या दाबाने ध्वनिमुद्रण सुरू होते, दुसऱ्याने ते संपून पुनरावर्तन सुरू होते, आणि हे दोन्ही दाब समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडले तरच लूप तालात बसतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत केरव्याचे आठ मात्रांचे एक आवर्तन चार सेकंदांचे होते. दुसरा दाब २० मिलिसेकंद उशिरा पडला, तर ते ४.०२ सेकंदांचे होईल. सोबतचा तबलजी लूप ऐकत वाजवत असेल, तर तो नकळत ही लांबी स्वीकारतो आणि काहीही बिघडत नाही. पण सोबत इलेक्ट्रॉनिक तबला किंवा ड्रम मशीन असेल, तर त्याचे घड्याळ स्वतंत्र चालते. दर आवर्तनाला २० मिलिसेकंद साचत जाऊन दहाव्या आवर्तनाअखेर २०० मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि या लयीत एक मात्राच ५०० मिलिसेकंदांची असते. चाळीस सेकंदांत जवळजवळ अर्ध्या मात्रेचा गोंधळ होतो, तो असा.

हा उशीर कुठून येतो, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. मिडी केबलवर संशय घेणारे पुष्कळ भेटतात. पण मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका आहे आणि तीन बाइटची एक आज्ञा पोहोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे स्पीकर एक हात मागे सरकवला तर त्याहून जास्त उशीर होईल. खरा उशीर होतो तो एकाच बटणाला आखूड दाब आणि लांब दाब अशी दोन कामे दिल्यामुळे. पाय किती वेळ टेकलेला राहणार हे यंत्राला आधी कळत नाही, म्हणून आखूड दाबाचे काम पाय उचलेपर्यंत थांबते, आणि पाय बटणावर सहज १०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक काळ टेकलेला असतो.

चांगले लूपर ही अडचण स्वतःच्या बटणावर वेगळ्या रीतीने सोडवतात. दाब पडताक्षणी ते काम सुरू करतात आणि दाब लांबला, तर नुकतेच सुरू केलेले रद्द करून आधीचा थर, म्हणजे लूपवर चढवलेले आधीचे ध्वनिमुद्रण, पुसतात. बाहेरचा प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर घेतला की ही जबाबदारी आपल्यावर येते. सिंगापूरच्या मॉर्निंगस्टार कंपनीच्या एमसी-६ सारख्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक बटणाला दाबताना, सोडताना, लांब दाबल्यावर आणि दोनदा दाबल्यावर अशा वेगवेगळ्या आज्ञा देता येतात. सोय मोठी आहे, पण ध्वनिमुद्रणाची आज्ञा नेहमी दाबताना जाईल अशीच ठेवावी आणि त्या बटणाला दुसरे कोणतेही काम देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. पूर्ववत करणे, पुसणे, ट्रॅक बदलणे ही कामे पाय सोडताना झाली तरी चालतात, कारण ती समेवर व्हावी लागत नाहीत.

एका बटणाची दोन यंत्रे

टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो आणि बॉसचा आरसी-१ ही सुरुवात करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येणारी जोडी. डिट्टोमध्ये पाच मिनिटे आणि आरसी-१ मध्ये बारा मिनिटे मावतात. वीज बंद केली तरी दोघांतला लूप जतन राहतो. दोन्हीकडे वाजवणे, थर चढवणे, थांबवणे आणि पुसणे ही सारी कामे एकाच बटणावर असून थांबवण्यासाठी दोनदा झटपट दाबावे लागते.

दोनदा दाबण्याची ही पद्धत सरावाने अंगवळणी पडते, तरी तिच्यातला एक दोष सरावाने जात नाही. लूप वाजत असताना पडलेला पहिला दाब नवा थर चढवणे सुरू करतो आणि दुसरा दाब लूप थांबवतो. म्हणजे गाणे समेवर बंद करायचे असेल, तर पहिला पाय समेच्या थोडा आधी आणि दुसरा नेमका समेवर पडावा लागतो; आणि दोन दाबांतले अंतर जास्त झाले, तर लूप थांबतच नाही, उलट नको तो आवाज थरात नोंदला जातो. ठुमकत्या लयीतल्या गाण्याचा शेवट करताना हात, गळा आणि पाय या तिघांनी एकाच क्षणी वेगळे काम करायचे असते. तिथे हे दोन दाब भारी पडतात.

इथेच आरसी-१ पुढे जातो. त्याला बाहेरून फूटस्विच जोडण्याचा जॅक आहे आणि बॉसचे एफएस-६ किंवा एफएस-७ हे दोन बटणांचे फूटस्विच लावले, की थांबवणे आणि पूर्ववत करणे या कामांसाठी वेगळी बटणे मिळतात. एका दाबात, समेवर, लूप बंद. मूळ डिट्टोला असा जॅकच नाही. त्याचा आकार लहान आहे, तो पिशवीच्या कप्प्यात मावतो, सकाळच्या लोकलमध्ये खांद्यावर गिटार असताना या गोष्टीचे मोल कळते. पण त्याची पायाची भाषा जन्मभर तेवढीच राहणार, हे धरून चालावे. आरसी-१ च्या तोंडावर लूपची जागा दाखवणारे वर्तुळाकार दिवे आहेत आणि आवर्तन कुठवर आले ते त्यांवर दिसते. तालात वाजवणाऱ्याला सम जवळ येताना डोळ्यांनीही दिसते, हा फायदा मी किरकोळ मानत नाही.

या दोघांच्या वरची पायरी म्हणजे यंत्रावरच दोन बटणे. डिट्टो एक्स-२ मध्ये दुसऱ्या बटणाला थांबवणे, उलटे वाजवणे किंवा निम्मा वेग यांपैकी एक काम एका छोट्या स्विचने नेमून देता येते, एका वेळी एकच. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या ७२० मध्ये थांबवण्याचे बटण कायमचे वेगळे आहे, दहा लूप साठवता येतात आणि बाहेरचा फूट कंट्रोलर जोडण्याचा जॅकही आहे. केवळ समेवर स्वच्छ थांबायचे आणि बाकी काही नको, अशा वादकाला ७२० पुरेसा आहे.

बैठक आणि अनवाणी पाय

परदेशी परीक्षणांत ज्याचा उल्लेखही नसतो असा हा मुद्दा आपल्याकडे निर्णायक ठरू शकतो. आपल्या पुष्कळ मैफली बैठकीवर होतात आणि वादक मंचावर चपला काढून चढतो. लहान धातूची गोल घुंडी, जी बुटाच्या टाचेसाठी घडवलेली असते, ती अनवाणी पायाला टोचते. आणि टोचते म्हणून पाय हलका पडतो, बटण कधी लागते, कधी लागत नाही. बॉसच्या छोट्या पेडलांवर घुंडीऐवजी रबर लावलेली रुंद पट्टी असते आणि ती अनवाणी पायाला सोसते. त्यामुळे आरसी-१ किंवा आरसी-५ आणि डिट्टो यांच्यात निवड करताना अनवाणी वाजवणाऱ्याने बॉसकडे झुकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडी घालून बसणाऱ्याचा पाय तर मोकळाच नसतो. हार्मोनियमवर उजवा हात स्वरपट्टीवर आणि डावा भात्यावर असताना लूपर दाबायचा कशाने? यावर दोन मार्ग दिसतात. पहिला असा, की लूपर बाजूला ठेवून बाहेरचे हलक्या दाबाचे फूटस्विच गुडघ्याजवळ ठेवावे आणि भाता सोडण्याच्या क्षणी ते हाताने किंवा गुडघ्याने दाबावे. यासाठी लूपरला बाह्य जॅक असणे अनिवार्य आहे, आणि तेही ध्वनिमुद्रणाचे मुख्य काम बाहेरून करू देणारे. आरसी-१ चा जॅक थांबवण्याच्या आणि पूर्ववत करण्याच्या कामापुरता आहे. आरसी-५ मध्ये बाह्य बटणांना कोणते काम द्यायचे ते निवडता येते. बैठकीच्या गायिकेसाठी या दोघांतला हा भेद मिनिटांच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. दुसरा मार्ग म्हणजे पायाचा विचारच सोडून बॉसच्या आरसी-५०५ एमके-२ सारखे टेबलावरचे, हाताने चालवायचे यंत्र समोर ठेवणे. त्यात पाच ट्रॅक असतात आणि बाहेरची बटणेही जोडता येतात. मात्र हार्मोनियम, माइक आणि हे यंत्र अशी तीन साधने एका बैठकीवर मांडताना जागा अपुरी पडते.

आरसी-५, आरसी-५०० आणि मिडीची वाट

२०२० साली आलेला आरसी-५ दिसायला एका बटणाचाच आहे, पण त्याच्या आत ९९ लूप साठवण्याची सोय, तालाचे ५७ प्रकार, दोन बाह्य बटणे किंवा एक एक्स्प्रेशन पेडल घेणारा जॅक आणि छोट्या टीआरएस (तीन संपर्कांच्या) जॅकवरचे मिडी आत-बाहेर असे बरेच काही आहे. पहिले ध्वनिमुद्रण संपवल्यावर थेट थर चढवायला लागायचे की नुसते वाजवायचे, हेही त्यात ठरवता येते. ही निवड क्षुल्लक वाटते, पण गाणाऱ्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे: थर चढवणे आपोआप सुरू झाले, तर समेनंतर घेतलेला श्वाससुद्धा लूपमध्ये नोंदला जातो. गाणाऱ्याने नुसते वाजवण्याचा पर्याय निवडावा.

आरसी-५०० मध्ये दोन ट्रॅक आणि तीन बटणे आहेत, आणि माइकसाठी फँटम पॉवरसह (माइकला वीज पुरवणारा) एक्सएलआर जॅक आहे. ध्रुवपद एका ट्रॅकवर, अंतरा दुसऱ्यावर आणि एका वेळी एकच वाजेल अशी मांडणी केली, की भावगीताचा आराखडा दोन बटणांत बसतो. एकट्या वाद्यासाठी आरसी-५ आणि गळा व वाद्य दोन्हींसाठी आरसी-५००, अशी माझी सरळ विभागणी आहे. दोघेही बाहेरच्या मिडी कंट्रोलरच्या कंट्रोल चेंज आज्ञा (ज्यांत ० ते १२७ मधला एक आकडा जातो) ऐकतात आणि त्या आज्ञांना कोणते काम द्यायचे ते यंत्राच्या असाइन यादीत ठरवावे लागते.

या असाइन यादीत एक जागा अशी आहे, की तिथे बरेच जण यंत्रच बिघडले असे समजतात. बॉसमध्ये आज्ञेची पद्धत मोमेंट (दाबलेले असेपर्यंतच चालू) किंवा टॉगल (एका दाबाने चालू, पुढच्याने बंद) अशी निवडता येते. कंट्रोलरही पाळीपाळीने १२७ आणि ० पाठवायला लावलेला असतो. कंट्रोलर पाळीपाळीने आकडे पाठवत असेल आणि लूपर केवळ १२७ लाच प्रतिसाद देत असेल, तर एक दाब लागतो आणि पुढचा वाया जातो. उपाय सोपा आहे: कंट्रोलर दाबताना १२७ आणि सोडताना ० पाठवील असा ठेवावा, लूपर मोमेंटवर ठेवावा आणि चालू-बंदची आठवण एकाच यंत्राकडे, म्हणजे लूपरकडे, सोपवावी.

मिडीचा दुसरा उपयोग घड्याळाचा. मिडी घड्याळ एका मात्रेत २४ ठोके पाठवते. १२० च्या लयीत दोन ठोक्यांत जेमतेम २१ मिलिसेकंद असतात. ड्रम मशीन आणि लूपर या घड्याळाने बांधले, की वर सांगितलेली आवर्तनागणिक साचणारी तफावत उरत नाही. मात्र आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक तबल्यांना मिडीची सोय नसते, त्यामुळे ही वाट ड्रम मशीनपुरती किंवा लूपरच्या स्वतःच्या तालापुरती उरते. लूपरचा ताल वापरताना मापाची निवड जपून करावी. झपतालासाठी ५/४ ची दोन मापे किंवा त्रितालासाठी ४/४ ची चार मापे धरता येतात, आणि रूपकासाठी ७/४. पण रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे बिनजोराच्या, मात्रेवर असते आणि यंत्राचा ताल मात्र मापाच्या पहिल्या ठोक्यावर हमखास जोर देतो. तो जोर ऐकून ज्याचा गळा बुजतो, त्याने तालाचा आवाज अगदी बारीक ठेवावा आणि त्याचा उपयोग केवळ लूपची लांबी मापाला जुळवण्यापुरता करावा.

मोठी यंत्रे

२०२१ मधल्या आरसी-६०० मध्ये सहा ट्रॅक आणि नऊ बटणे आहेत, प्रत्येक बटणाला हवे ते काम देता येते आणि अशा मांडणीचे तीन संच पायानेच बदलता येतात. सिंग्युलर साउंडच्या एरॉस लूप स्टुडिओतही सहा ट्रॅक आहेत, पण त्याचा भर स्पर्शाच्या पडद्यावर आणि मिडीवर आहे. त्याच कंपनीच्या बीटबडी ड्रम मशीनसोबत तो सर्वांत चांगला शोभतो. थोडक्यात, आरसी-६०० पायांसाठी बांधलेला आहे आणि एरॉस पाय, बोट व दुसरे यंत्र या तिघांत काम वाटून देतो. बाहेरचे काहीही न जोडता सगळे पायाखाली हवे असेल, तर आरसी-६००. सोबत बीटबडी आधीच असेल, तर एरॉस. उभ्याने, बूट घालून, लांब कार्यक्रम करणाऱ्यालाच मी यांपैकी एक सुचवीन. नऊ बटणे जवळजवळ असतात आणि अंधाऱ्या मंचावर शेजारच्या बटणावर पाय पडणे अगदी शक्य असते.

जॅक आणि केबल

फूटस्विच दोन प्रकारचे असतात. दाबले तेवढाच वेळ जोडणारे मोमेंटरी आणि एकदा दाबल्यावर तसेच राहणारे लॅचिंग. लूपरला जवळजवळ नेहमी मोमेंटरीच लागते. बॉसचे एफएस-५यू मोमेंटरी आहे आणि एफएस-५एल लॅचिंग. नावात एका अक्षराचा फरक असल्याने दुकानात मागताना अक्षर स्पष्ट सांगावे. काही फूटस्विच विश्रांतीत उघडे आणि काही विश्रांतीत जोडलेले असतात, म्हणून एफएस-५यू वर ध्रुवता उलटी करण्याचा छोटा स्विच दिलेला असतो. पाय उचलल्यावर लूप सुरू होतो अशी तक्रार असेल, तर यंत्र दुरुस्तीला नेण्याआधी तो स्विच सरकवून पाहावा.

दोन बटणांच्या फूटस्विचला टीआरएस, म्हणजे तीन संपर्कांची, केबल लागते. गिटारची साधी मोनो केबल लावली, तर तिचा प्लग जॅकमधला मधला संपर्क जमिनीला (अर्थिंगला) जोडतो आणि दुसरे बटण सतत दाबलेले आहे असे लूपरला वाटते. लूप आपोआप थांबतो किंवा काहीच चालत नाही. ही केबल स्वस्त असते आणि ठाण्यात सहज मिळते, म्हणून फूटस्विचसोबतच ती मागून घ्यावी.

दुसऱ्या कंपनीचे फूटस्विच चालेल असे गृहीत धरू नये. डिजिटेकच्या एफएस३एक्स मध्ये तीन बटणे एकाच टीआरएस केबलवर चालतात, पहिले एका संपर्कावर, दुसरे दुसऱ्यावर आणि तिसरे दोन्हींवर. बॉसच्या लूपरला ही भाषा कळत नाही. जुन्या इकोप्लेक्स डिजिटल प्रो च्या पायपेटीत तर सात बटणे एका साध्या केबलवर होती, कारण प्रत्येक बटणाला वेगळ्या मूल्याचा रोधक जोडून लूपर तो रोध मोजत असे. म्हणून जुने यंत्र घेताना त्याची मूळ पायपेटी सोबत मिळते का, हे आधी विचारावे. ती नसेल तर किंमत कितीही कमी असली, तरी मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही.

छोट्या जॅकवरच्या मिडीलाही दोन जोडण्या आहेत, टाइप ए आणि टाइप बी. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरली आणि बॉस तीच वापरते, पण त्याआधीच्या काही कंट्रोलरांत टाइप बी आढळते. पाच पिनांच्या मिडीचा कंट्रोलर असेल, तर पाच पिनांवरून टाइप ए टीआरएसला जाणारी केबल मागावी. नुसती टीआरएस केबल म्हटले, तर दुकानदार हेडफोनची देईल. ती दोन टीआरएस यंत्रांमध्ये चालते, पण पाच पिनांच्या जॅकमध्ये बसतच नाही.

दुकानात यंत्र तपासताना आवाजाच्या मागे लागू नये, तो सगळ्यांचा पुरेसा चांगला असतो. एक साधी टाळी किंवा तार छेडून ती समेवर पकडावी, चार मात्रांनी दुसरा दाब द्यावा आणि पुनरावर्तनात टाळी दोनदा ऐकू येते का, अर्धी कापली जाते का ते पाहावे. मग बटणावर मुद्दाम पाय रेंगाळत ठेवून हीच चाचणी पुन्हा करावी: लूपची लांबी बदलली, तर ते यंत्र पाय उचलण्याची वाट पाहते आहे. शेवटी थांबवण्याचा दाब समेवर द्यावा, शक्य तर चप्पल काढून. आणि लूपरसोबत जे फूटस्विच घेणार आहात तेच जोडून हे सगळे करावे, कारण दुकानातल्या वेगळ्या फूटस्विचने नीट चाललेला लूपर घरी आणलेल्या फूटस्विचने तसाच चालेल, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.